भरलेली बॅटरी

आगोट आली की नाटे गावाहून एसटीने एक डबा येतो. आगोट म्हणजे पावसाआधीचे साठवणीचे दिवस. लाकडं रचायची, कुळीथ भरायचे, होड्या वर ओढून झावळांनी शाकारायच्या, समुद्र बंद होण्याआधी सुकी मासळी बरण्यांत भरून ठेवायची. कंडक्टर ओळखीचा आहे. भाट्याच्या थांब्यावर तो खिडकीतूनच डबा माझ्या हातात देतो आणि दर वर्षी तेच म्हणतो, "मास्तर, गाडीभर वास सुटलाय हो." मी मास्तर नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पण एवढा खुलासा करण्याइतकी गाडी थांबत नाही, आणि खुलासे करणं हा माझा स्वभावही नाही.

डब्यात सोडे असतात. माझी थोरली बहीण, सुलूताई, कोळंबी सोलून, मीठ लावून, अंगणात कडक वाळवून पाठवते. त्याच सुमारास इथून तिकडे एक जड पिशवी जाते. तिच्यात ताईच्या यजमानांच्या, म्हणजे सदानंदभावोजींच्या रेडिओची बॅटरी असते, मी निवडलेली, तपासलेली, भरलेली. सोडे इकडे, बॅटरी तिकडे. कित्येक आगोटी हा व्यवहार चालू आहे. लोकांना त्यात भावाबहिणीची माया दिसते. मला काय दिसतं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदाचा डबा येऊन पडला आणि मला तो उघडवेना. बायको दोनदा म्हणाली, "बरणीत काढायचे ना? की डब्यालाच नमस्कार करत बसायचं?" मी ओटीवर गेलो आणि चार्जरच्या दिव्याकडे पाहत बसलो.

बॅटरी मी जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवून भरतो. एक चिरा खाली, दोन बाजूंना, वर उघडं. काही झालंच तर दगडाला काय व्हायचंय. काही होत नाही, इतक्या वर्षांत झालेलं नाही, पण मी उठून तिला हात लावून येतो. कोमट आहे का, जास्त कोमट आहे का, आत काही फुगलंय का. पोराच्या कपाळाला लावतात तसा हात. बाजारात गेलो तरी मनात तेच. वायर ढिली नसेल ना, मांजराने ओढली नसेल ना. पूर्वी मी बॅटऱ्या आंब्याच्या खोलीत ठेवत असे, कारण घरातली सगळ्यात कोरडी खोली तीच. वैशाखात तिथे अढी घातलेली असते. भाताच्या पेंढ्यात आंबे पिकतात आणि खोली मुक्यानेच तापते. त्या उबेला ठेवून मी दोन चांगल्या बॅटऱ्या मारल्या. भरलेली बॅटरी उबेला ठेवली की ती आतून म्हातारी होते, वरून कळत नाही. अशी चूक आमच्याच गावात होऊ शकते. बायकोचं म्हणणं वेगळंच होतं, "ज्या खोलीत आंबे पिकतायत तिथे तुमचे बॉम्ब नकोत."

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, हा छंद मला शाळेतल्या जुन्या ट्रान्झिस्टरांनी लावला. परवाना काढला, सेट घेतला. मग भावोजींना नादाला लावलं. ते बोटीवरचा वायरलेस ऐकत म्हातारे झालेले, गुडघ्यामुळे दर्यावर जाणं सुटलेलं, आता घरी बसून जाळी विणत. त्यांना हवेतले आवाज हवेच होते. नाट्याला त्यांच्या परसातल्या माडाला आम्ही अँटेना बांधली. इकडे माझ्या घरामागे सडा आहे, जांभ्याचं उघडं, उंच पठार. तिथे काठी उभी केली की मधल्या खाड्या आणि डोंगर ओलांडून नाटे माझ्या कानाशी येई. शहरातून ते ऐकू येत नसे, नाट्याला शहरही नाही. माझ्या सड्यावरूनच दोन्ही येत. हे लक्षात ठेवायला हवं.

वीज असेपर्यंत हा सगळा खेळ. वीज गेली, मोबाइलचे मनोरे गेले, की हा छंद कामाचा होतो, आणि तेव्हा सगळं बॅटरीवर येऊन थांबतं. सुरुवातीला कोणती घ्यायची यावर आमचे वाद होत. शिशाची बॅटरी स्वस्त आणि ओझ्याची. तिला रिकामी ठेवलेलं सोसत नाही, आत खवले धरतात, किटलीत धरतात तसे. सड्यावर वाहून नेताना खांदा उतरतो, पण तिचं एक आहे, थकत आली की सांगते. आकडा हळूहळू उतरत जातो, माणूस सावध होतो. टॉर्चमध्ये घालतात तसल्या रिचार्जेबल सेलांचं वेगळं, कपाटात ठेवले तर पडल्या पडल्या विसरतात आपण भरलेले होतो ते. आणि ही नवी, लिथियम आयर्न फॉस्फेटची. हलकी, टिकाऊ, सभ्य. तिचा स्वभाव मला फार लवकर कळला, कारण तो माझाच आहे. भरलेली असो की संपत आलेली, मीटरवर ती जवळजवळ तोच आकडा दाखवते. चेहऱ्यावर काही नाही. आणि मग एकदम पडते.

आणखी एक गोष्ट या छंदात येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. ऐकायला बॅटरी नखभर लागते. बोलायला मात्र कितीतरी पट जास्त. बटण दाबलं की प्रवाह उडी मारतो. म्हणून काटकसरीने वागायचं असेल तर गप्प बसावं. मला हा नियम शिकवावा लागला नाही.

वादळ झालं त्या वर्षीची आगोट मला सगळ्यात आधी उकाड्याने आठवते. माडाची झाप हलत नव्हती. खाडीचं पाणी शिसं ओतल्यासारखं. वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बोटी शेवटच्या फेरीला गेल्याच होत्या, आणि त्यातल्या 'जलकन्या'वर ताईचा मुलगा मंगेश होता.

त्याआधी थोडेच दिवस आम्ही नाट्याला जेवायला गेलो होतो. मी नवी लिथियमची बॅटरी दाखवायला नेली होती. भावोजींची शिशाची, बंद पडलेल्या केबलवाल्याकडून घेतलेली, जाळ्यांच्या ढिगाखाली सबंध हिवाळा रिकामी पडलेली. मी म्हणालो, "भावोजी, ही आयत्या वेळी दगा देणार." त्यांनी माझी बॅटरी हातात घेऊन पाहिली. म्हणाले, "जरा लावून बघू माझ्या सेटला?" मी म्हणालो, नको, नुकतीच भरलीय, वेळप्रसंगाला असू दे.

पंगतभर माणसं होती. भावोजी हसले. "विनायकची बॅटरी म्हंजे सासरहून आलेली पैठणी. दाखवायची, नेसायची नाय!"

सगळे हसले. माझी बायकोही हसली. मीही हसलो. तो हसण्याजोगाच विनोद होता.

वादळाच्या दिवशी मी सड्यावर, कातळातल्या एका पडक्या खोपीत सेट घेऊन बसलो. अशा वेळी शहरातला एक जण सूत्रं धरतो. त्याने विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, एकमेकांवर आवाज चढू नयेत म्हणून. दुपारनंतर मनोरे गेले. वाऱ्याने खोपीचं छप्पर जनावरासारखं ओरडत होतं आणि मी एका हाताने काठीची दोरी धरून होतो. उतरत्या दुपारी शहरातल्या बंदरावरच्या एकाने रेडिओवर लागलेल्या बोटींची नावं वाचून दाखवली. त्यात 'जलकन्या' होती. माणसं सुखरूप, चहा पितायत, असंही तो म्हणाला. मला आनंद झाला. मनातल्या मनात.

तिन्हीसांजेला नाटे आलं.

"नाट्याहून सदानंद. जलकन्या बंदरात लागली काय? कोण ऐकत असेल तर सांगा. ओव्हर."

शहरातला नियंत्रक दुसऱ्याच निरोपात होता. त्याला हे ऐकू जाणंही शक्य नव्हतं. मी वाट पाहिली.

"नाट्याहून सदानंद. जलकन्या. पोरगा हाय माझा तिच्यावर. ओव्हर."

मला काय काय वाटलं ते सांगतो, आणि या वेळी क्रमाने सांगतो. आधी वाटलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मग वाटलं, रात्र मोठी आहे, चार्ज जपावा, खरी तातडी अजून यायची असेल. ही दोन कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिली. दोन्ही चांगली आहेत, कोणत्याही बैठकीत सांगता येतील अशी. पण त्यांच्या खाली तिसरं होतं. मला पंगतीतलं हसणं ऐकू आलं. वाटलं, आता कोणाला हवीय पैठणी? आणखी एकदा विचारू दे. एकदाच.

त्यांनी विचारलं. आवाज चिरकला होता, शब्दांचे शेवट तुटत होते. बॅटरी बसत आली की असंच होतं, आणि ते माझ्याइतकं कोणालाच कळलं नसतं. प्रत्येक हाकेला ती मरत होती, मी ऐकत होतो. 'जलक...' एवढंच आलं.

मग मी बटण दाबलं. "भावोजी, जलकन्या लागली! मंगेश सुखरूप आहे! ओव्हर." पलीकडे नुसती खरखर. पुन्हा ओरडलो. पुन्हा. तेव्हा शहरातून नियंत्रकाचा आवाज आला, "सड्यावरचे, तातडीचं नसेल तर शांत राहा." आणि मी शांत राहिलो. सांगितलेलं ऐकणारा माणूस मी.

वादळ गेल्यावर सेट आवरताना मी सवयीने बॅटरी तपासली. ती जवळजवळ भरलेली होती. माझ्या हातून काय झालं हे मला तेव्हा कळलं. ती रिकामी झाली असती तर मी स्वतःला माफ केलं असतं.

झाडं पडून रस्ता बंद झाला होता. तो मोकळा झाला तेव्हा मी आणि मंगेश त्याच्या मित्राच्या मोटारसायकलवरून नाट्याला गेलो. भावोजी पायरीवर बसले होते, ते उठलेच नाहीत, नुसते हात पुढे केले. ताई आतून आली. मंगेशच्या तोंडावरून हात फिरवला, त्याच्या केसांतली वाळू झाडली. मग आम्हाला जेवायला वाढलं. बांगडा तळला होता. तिने स्वतःच्या ताटात फक्त डाळ-भात घेतला.

"ताई, तुला नको?"

"सोडलं मी," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी देवाला बोलले. पोरगा उंबऱ्यात दिसू दे, परत तोंडात म्हावरं घालणार नाय."

त्या संध्याकाळी तिचा मुलगा बंदरावर चहा पीत होता. ते मला माहीत होतं. देवालाही असणार. तिलाच तेवढं नव्हतं.

मच्छीमाराच्या घरात जन्मलेली, तिथेच दिलेली बाई. तिला कोळंबीचा वास दारातून सांगतो ती कालची की आजची. सुरमईच्या शेपटाकडच्या तुकडीवरून लहानपणी आम्ही मारामारी केलेली आहे. आजही घरातलं सगळं म्हावरं तीच रांधते. फक्त चव बघू शकत नाही. म्हणून मी गेलो की कालवणाचा पळा माझ्यापुढे करते. "विनू, मीठ बघ."

मी जिभेवर टेकवतो. म्हणतो, बरोबर आहे. कधी कमी असतं, कधी जास्त. मी नेहमी बरोबर आहे असंच म्हणतो. तिच्यापुढे त्या पळ्यातलं काही चूक आहे असं म्हणायचं तोंड मला नाही.

भावोजी तर माझी समजूत काढत. "आमचीच बॅटरी मेली. तुझा काय दोष? तुझ्यापर्यंत पोचलंच नाय." मी मान हलवत असे. आणि मग मी त्यांचा बॅटरीमंत्री झालो. चांगल्यातली चांगली निवडायची, सेल जुळवायचे, मोसम संपला की अर्धी उतरवून थंड जागी ठेवायची, आगोटीला पुन्हा भरायची, चिऱ्यावर, हात लावत. भावोजी चारचौघांत सांगत, मेहुणा असावा तर असा. मी घरी येऊन दुसरी त्याहून मोठी बॅटरी शोधायला लागे.

यंदा डबा पाठवून ताईने फोन केला होता. "सोडे खारट झालेत काय बघ रे. पोरीने मीठ लावलंन यंदा. मला काय कळतंय."

मला काय कळतंय. हे ती सहज बोलली. तेव्हापासून डबा फळीवर, बंद.

नव्या बॅटऱ्या यंदा आम्ही दोघांसाठी एकसारख्या घेतल्या. अरबी समुद्रात काहीतरी फिरायला लागलंय असं हवामानवाले म्हणत होते, त्यामुळे त्या मोसमाआधी तपासणं भागच होतं. आता या बॅटरीचा चेहरा काही सांगत नाही, मीटरवर विश्वास ठेवता येत नाही. ती खरी किती आहे हे कळायला एकच उपाय, बोलत राहून ती रिकामी करायची. दर वर्षी हे काम भावोजी करतात. ते बोलतात, जाळ्यांबद्दल, गुडघ्याबद्दल, सरपंचाबद्दल, आणि मी हं हं करतो. या वेळी त्यांनी मला पकडलं.

"यंदा तू बोल. दरवर्षी माझीच रिकामी होते नि तुझी तशीच ऱ्हाते. बोल काय बोलायचं ते."

रविवारी सकाळी सड्यावर गेलो. कातळ अजून तापायचा होता. काठी उभी केली, छत्री बॅटरीवर धरली. भावोजींचा आवाज स्वच्छ आला आणि त्याच्या मागे कोंबड्या. कोंबड्या ऐकू आल्या म्हणजे त्यांचं दार उघडं होतं, सेट पडवीत होता, आणि ताई अंगणात सुपात काहीतरी पाखडत होती. हे मला कळलं. कळूनच मी बोललो, ते नोंदवून ठेवतो.

आधी हवा सांगितली. मग आंबा सांगितला, यंदा डाग फार. मग शाळेतल्या फुटलेल्या परीक्षानळ्या. माझ्याजवळचं संपलं. बॅटरीचा आकडा हलला नव्हता. बटणावरचं बोट घामाने निसटत होतं. मी म्हणालो, "भावोजी, त्या वर्षी तुमची हाक मला आली होती."

मग बाकीचं. बंदरावरची यादी, तीन हाका, तिसरं कारणसुद्धा. पैठणीही सांगितली. कधी इतकं सलग बोललो नव्हतो. थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हे माहीत होतं, म्हणून दम घेतानासुद्धा बटण दाबून धरलं होतं. शेवटी ओव्हर म्हणालो आणि सोडलं.

खरखर. मी ती पुष्कळ वर्षं ऐकलेली आहे. वाटलं, त्यांची बॅटरी गेली. तशी इच्छाही झाली क्षणभर.

"ऐकलं," भावोजी म्हणाले. कोंबड्या थांबल्या होत्या. मग, "एक हाक तरी उचलायचीस, मेल्या." बटण सुटल्याचा आवाज आला. परत दाबल्याचा. "थांब. ही आलीय."

लांबून ताईचा आवाज येत होता, शब्द नव्हते. तिला परवाना नाही, ती माइक कधी धरत नाही. भावोजी ऐकून ऐकून सांगत होते, एकेक वाक्य, निरोप द्यावा तसं.

"ती बोलते, नवस मी देवाला बोलले होते. विनूला नाय. नवस तसाच ऱ्हाणार."

मी छत्री बॅटरीवर सरळ केली.

"बोलते, रागावलेय. पुष्कळ दिवस रागावणार." पुन्हा खरखर. "आणि विचारते, डबा उघडलास काय?"

"नाही अजून. ओव्हर."

पलीकडे दोघांचं काहीतरी चाललं. मग भावोजी म्हणाले, आणि हे त्यांनी तिच्याच सुरात म्हटलं, "जा, उघड. नि मीठ बघ. या खेपेला खरं सांग."

म्हणजे तिला माहीत होतं. कालवणाचा पळा पुढे करायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची, तेव्हा तिला कळत होतं. काय कळत होतं ते तिने कधी विचारलं नाही. आम्ही एकाच आईची मुलं.

मी सेट तसाच चालू ठेवून खाली उतरलो. बायको दारात होती, माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं? बॅटरी फुटली का?" मी फळीवरचा डबा काढला, झाकण घट्ट होतं, गुडघ्यात धरून उघडलं. एक सोडा तोंडात टाकला आणि चावत चावत पुन्हा सडा चढलो. छत्रीखाली बॅटरी आपला तोच आकडा दाखवत होती.

मी बटण दाबलं.

"ताई," म्हणालो, "खारट झालेत. फार खारट झालेत. ओव्हर."

आणि ऐकत राहिलो.